स्टेशनावरचा अर्धा तास

ती नोटीस आम्हीच लिहिली होती. शाळेत आमचे अक्षर बरे मानले जाते, म्हणून सूचनाफलकावरचे उर्दू लिखाण बहुधा आमच्याकडेच येते. मजकूर असा होता की, शाळेचा कोणताही विद्यार्थी संध्याकाळी रेल्वे स्टेशनावर मोबाइल घेऊन बसलेला आढळल्यास त्याचे नाव शाळेतून कमी करण्यात येईल. खाली मुख्याध्यापकांची सही, ट्रस्टच्या सेक्रेटरींची सही आणि शिस्त समितीच्या वतीने आमची. आठवीपर्यंतच्या मुलाचे नाव असे कमी करता येत नाही, हे २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचलेल्या बी.एड. माणसाला ठाऊक असायला हवे. आम्हाला ठाऊक होते. तरी लिहिले, आणि नस्तालीकमध्ये, सुंदर अक्षरात लिहिले.

ही गोष्ट २०१९ ची. आमचे गाव खानदेशातले, तालुक्याचे. केळीच्या गाड्या भरणारे, फळांच्या हातगाड्या लावणारे, गॅरेजवाले, शिलाईवाले अशी आमच्या मुलांची घरे. त्या वर्षाच्या सुरुवातीला स्टेशनाच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसली आणि खाली फुकट वाय-फायची पाटी लागली. फोन नंबर टाकायचा, आलेला आकडा भरायचा आणि अर्धा तास इंटरनेट वापरायचे. असरनंतर मुले जमू लागली. प्लॅटफॉर्म एकवर पाण्याच्या नळाशेजारी सिमेंटचे बाकडे आहे, तिथे आठ-दहा जण खाली मान घालून बसत. प्लॅटफॉर्म तिकीट अर्थातच कुणाकडे नसे. मगरिबची अजान झाली की काही उठत, काही उठत नसत. जे उठत नसत त्यांची बातमी मोहल्ल्यात पोहोचायला वेळ लागला नाही.

आज त्या नोटिशीबद्दल लिहायला बसलो आहोत ते केवळ पश्चात्ताप म्हणून नव्हे. तो असला तरी वाचकांना त्याचे काय? आम्हाला एक प्रश्न सुटत नाही. जी वस्तू आपण मुलाला दिली नाही, दुसऱ्याच कुणी दिली, तिच्यावर मनाई घालण्याचा हक्क आपल्याला कुठून येतो? आणि उद्या तीच वस्तू आपल्याला हवीशी झाली, तर कालच्या मनाईचे काय करायचे?

आधी त्या वस्तूबद्दल थोडे बोलू. वाय-फाय ज्या लहरींवर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे एक प्रकारचे गायरान आहे. मोबाइल कंपन्यांच्या लहरी सरकार लिलावाने विकते. २०१० साली थ्रीजीच्या लिलावातून सुमारे ६७ हजार कोटी रुपये आले होते. ती मालकीची शेती. पण अमेरिकेत १९८५ साली काही पट्टे बिनपरवाना खुले करण्यात आले. स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांची गडबड तिथे असल्याने त्यांना फारसा भाव नव्हता. त्या पडीक रानातच पुढे वाय-फाय उगवले, आणि १९९७ मध्ये त्याचे पहिले प्रमाण ठरले. आपल्याकडेही २००५ साली हा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. म्हणून चहाच्या टपरीवाल्यापासून रेल्वेपर्यंत कुणीही डबी लावू शकतो आणि कुणाच्या शेतात शिरल्याचा गुन्हा होत नाही. पाणी, चारा आणि आग यांवर एकट्याची मालकी नसावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही लहर त्यातल्या कशात मोडते, यावर आमच्या शिक्षकखोलीत एकदा चांगला तासभर वाद झाला होता. दीनियात शिकवणारे मौलवीसाहेब म्हणाले, आगीत. कारण ती उजेडही देते आणि जाळतेही. आम्हाला ती पाण्यासारखी वाटते. पण मौलवीसाहेबांचे म्हणणे पुढे अनेकदा आठवले.

गायरान झाले तरी डबी कुणीतरी बसवावी लागते, तिच्यामागची तार कुणीतरी ओढावी लागते. स्टेशनांवरचे काम रेल्वेच्या रेलटेल कंपनीने केले. २०१५ साली गूगलने तिच्याबरोबर योजना जाहीर केली आणि जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला पहिले स्टेशन सुरू झाले. जून २०१८ पर्यंत अशी चारशे स्टेशने झाली. त्यानंतर आमच्यासारख्या लहान स्टेशनांची पाळी आली, ती रेलटेलच्या स्वतःच्या विस्तारात. गूगलने २०२० मध्ये हात काढून घेतला. मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला आहे की आता गरज उरली नाही, असा त्यांचा हिशोब. रेलटेलने सेवा चालू ठेवली आणि आज ती सहा हजारांहून अधिक स्टेशनांवर आहे. पहिला अर्धा तास फुकट, पुढे पैसे.

फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हे. मोहरममध्ये आमच्या बाजारपेठेत सबील लागते. तिथे सरबताचा पेला पुढे करणारा मुलगा नाव विचारत नाही, कुठल्या गल्लीतला हे विचारत नाही. हिंदू बायका देवळाच्या वाटेवर थांबून पितात, एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून पेला घेतो. स्टेशनावरची डबी मात्र आधी नंबर विचारते. कायद्याला तो लागतो आणि जाहिरातवाल्यालाही लागतो. मुलांना त्याचे काही नव्हते. ज्याच्याकडे सिम नव्हते तो दुसऱ्याच्या नंबरावर आकडा मागवून घेई.

आता त्या मुलाकडे वळू. नोटीस लागल्यावर आम्ही दोघे शिक्षक पाळीने स्टेशनावर फेरी मारत असू. एका संध्याकाळी नववीतला एक मुलगा सापडला. आम्ही फोन मागितला, त्याने दिला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत, चार माणसांसमोर, तो त्याच्याकडूनच उघडून घेतला. आत काय होते? खोटे सांगण्यात अर्थ नाही. नजर खाली जावी असे होते. कुस्तीच्या मारामाऱ्या होत्या, गाणी होती. आणि मोबाइल दुरुस्तीचे वीस-बावीस व्हिडिओ होते: चार्जिंगची पिन कशी काढावी, पाण्यात पडलेला बोर्ड कसा सुकवावा, कोणत्या टाक्याला किती उष्णता द्यावी. हे सगळे एकाच अर्ध्या-अर्ध्या तासातून भरलेले. आम्ही त्याच्या वालिदांना बोलावले आणि पहिल्या प्रकाराबद्दल सांगितले. व्हिडिओंबद्दल सांगितले नाही. मुद्दाम लपवले असेही नाही. त्या वेळी ते सांगण्यासारखे वाटलेच नाही. केळीच्या ट्रकवर हमाली करणारा माणूस, त्याने ऐकून घेतले, हात जोडले आणि मुलाला घेऊन गेला. घरी काय झाले ते दुसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवरून कळले. नाव आम्ही कमी केले नाही. नववी संपल्यावर त्याने स्वतःच शाळा सोडली.

मनाई करणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी करू इच्छित नाही, कारण ती आमचीही होती. फोन म्हणजे चाकू, भाजी कापा की गळा, हे वाक्य पालकसभेत हटकून कुणीतरी म्हणते आणि टाळ्या घेते. आम्हाला ते कधी पटले नाही. चाकू खिशात पडून राहतो. दर दोन मिनिटांनी थरथरून बाहेर काढ म्हणत नाही. फोनमागे बसलेल्या माणसांचा धंदाच हा की मुलाची नजर तिथून उठू नये. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची त्यांच्याशी बरोबरी कशी व्हावी? आमच्या लहानपणी गावच्या वाचनालयात पोरगा काय वाचतो ते पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याला दिसे. नंतर सायबर कॅफे आले. तिथे निदान मालक होता, तासाचे पैसे होते, मागून जाणारे-येणारे होते. तळहातावर मावणाऱ्या पडद्याने ही सगळी माणसे मधून काढून टाकली. पोरगा आणि जग, मध्ये कुणी नाही. बुजुर्गांना याची भीती वाटली तर ती अडाणीपणाची भीती नव्हे.

पण त्याच एकांतात दुसरेही काही घडते. ज्या मुलाला वर्गात प्रश्न विचारायची शरम वाटते, तो तिथे विचारतो. शरीराबद्दलच्या ज्या गोष्टी आम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकातले पान उलटून टाळतो, त्या तो तिथे शोधतो. त्याला बरे उत्तर मिळते की घाणेरडे, हे त्या रात्री त्याच्या हाताला काय लागते त्यावर. आपण त्याला बरे उत्तर कुठे मिळते हे सांगितलेले नसते, कारण असा काही प्रश्न असतो हेच आपण मान्य केलेले नसते.

त्या सुमारास एका शिक्षकमित्राने बैठकीत एर्नाकुलम स्टेशनावरच्या हमालाचे उदाहरण दिले. २०१८ मध्ये ते सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. डोक्यावर सामान आणि कानात इअरफोन घेऊन, स्टेशनाच्या फुकट वाय-फायवरून धडे ऐकत तो केरळच्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "मास्टरसाब, हजार में एक." बरोबरच होते. आम्ही गप्प बसलो. आता वाटते, विचारायला हवे होते की उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना शिकवायला आपण काय ठेवले आहे? आमच्या शाळेच्या वाचनालयाला तेव्हा कुलूप होते, आणि किल्ली ज्या कारकुनाकडे होती तो दुपारी दोनला घरी जात असे.

केरळातच, सप्टेंबर २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाचा एक निकाल लागला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला बाहेर काढले गेले, ती न्यायालयात गेली. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले, आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. तिच्या घरच्यांचाही त्या बंदीला पाठिंबा नव्हता, हे आम्हाला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते. आमची नोटीस तेव्हा सहा-सात महिन्यांची झाली होती. बातमी वाचली, घडी घातली, आणि नोटीस तिथेच राहिली. पावसाळ्यात तिची शाई थोडी पसरली, एवढेच.

मग मार्च २०२० आला.

शाळा बंद झाल्या आणि वरून आदेश सुटला की शिक्षण चालू ठेवा. ज्या हाताने आम्ही नोटीस लिहिली त्याच हाताने व्हॉट्सअ‍ॅपचे गट बनवले: सातवी अ, आठवी ब, नववी, दहावी. मुलांनी फोन घ्यावा, फोन उघडावा, फोनवर तासन्‌तास बसावे अशी आमची अपेक्षा होती, आणि जो दिसत नसे त्याच्या घरी आम्ही फोन करून रागावत असू. एक वालिद म्हणाले, "सर, पिछले साल तो आप लोगों ने मना किया था." ते उपरोधाने बोलले नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हते की नियम नेमका काय आहे. आम्ही म्हणालो, ती परिस्थिती वेगळी होती. वेगळेपण काय होते? स्टेशनावर मुले स्वतःच्या मर्जीने शिकत किंवा बिघडत होती, आता आमच्या हुकमाने शिकायचे होते. यापेक्षा मोठा फरक आम्हाला आजही दाखवता येत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांची यात एक जादा अडचण होती, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मराठी माध्यमाच्या सहकाऱ्यांनाही ती समजावून द्यावी लागली. आमच्या पाठ्यपुस्तकांची लिपी नस्तालीक, वरून खाली उतरत येणारी. फोनवर उर्दू टाइप केले की बहुतेक स्वस्त फोनांत ते नस्खमध्ये, सरळ रेषेत दिसते. (आयफोनने २०१७ मध्ये नस्तालीक दिले म्हणतात, आमच्या मोहल्ल्यात आयफोन किती?) मोठ्यांना फरक पडत नाही, पण पाचवी-सहावीतले मूल अडखळते. म्हणून आम्ही काय करायचो, तर वहीत सुवाच्य लिहून पानाचा फोटो पाठवायचो. एका पानाचा मजकूर अक्षरांच्या रूपात गेला असता तर चार-पाच केबीत मावला असता. त्याच पानाचा नीट वाचता येईल असा फोटो त्याच्या कित्येक पट, कधी शेकडो पट जड होतो. गणिताच्या सरांनी व्हिडिओ सुरू केले ते आणखी जड. ज्या घरात दिवसाचा दीड जीबी तीन भावंडांत वाटायचा, तिथे दुपारपर्यंत डेटा संपे. स्टेशनावरचा अर्धा तास अशा वेळी किती कामाचा ठरला असता! पण तेव्हा टाळेबंदी होती, आणि प्लॅटफॉर्मवर तर पोलीस.

याच काळात आमच्या स्वतःच्या फोनची काच फुटली. दुकाने उघडल्यावर बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत गेलो, तर आत तो मुलगा. सलाम केला, स्टूल दिले, "सर, बैठो." वीस मिनिटांत काच बदलून दिली. हात सफाईचा होता. आम्ही विचारले नाही की कुठे शिकलास, आणि त्याने सांगितले नाही. पैसे त्याने वाजवी घेतले. त्या वर्षी आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे फोन त्याच्याकडून दुरुस्त होऊन गेले, हे आम्हाला पुढे इकडून तिकडून कळत राहिले.

पण ज्या गोष्टीमुळे आम्ही हे लिहायला घेतले ती मुलाची नाही, मुलीची आहे.

दहावीच्या गटात एक मुलगी होती. तिचे स्वाध्याय रात्री अकरा, साडेअकरा, कधी बारा वाजता येत. येतील तेव्हा चार-चार विषयांचे एकदम, आणि मग दोन-तीन दिवस काही नाही. एके रात्री आमची झोपमोड झाली आणि आम्ही गटावरच लिहिले की, शरीफ घरच्या मुलींनी इतक्या रात्री मेसेज पाठवणे शोभत नाही, वेळेचे भान ठेवावे. त्या गटात साठ घरे होती. नाव आम्ही घेतले नव्हते. घ्यायची गरजही नव्हती. वरचा मेसेज तिचाच होता. दुसऱ्या दिवशी तो नंबर गटातून निघून गेला.

महिनाभराने आमच्या सहकारी शिक्षिका, ज्यांना मुली आपा म्हणतात, तिच्या घरी जाऊन आल्या. कळले ते असे. "फोन भाई के पास रहता है." भाऊ हॉटेलात कामाला, पार्सल चालू होते, त्यामुळे तो रात्री अकराला घरी येई. तो जेवायला बसे तेवढ्या वेळात तिने धडे वहीत उतरवायचे, आधीच्या धड्यांची उत्तरे पाठवायची. मग भाऊ फोन घेई, काय आले काय गेले ते पाही, आणि झोपे. आमचा मेसेज त्याने वाचला. त्यानंतर फोन मिळणे बंद झाले.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, हे आपल्याला आठवत असेल. पास जवळजवळ सगळेच झाले. पण गुण आम्ही भरले होते, आणि जे स्वाध्याय पोहोचले नाहीत त्यांना गुण नव्हते. तिला विज्ञान शाखेला जायचे होते, तेवढे गुण झाले नाहीत, आणि दुसऱ्या शाखेसाठी घरच्यांनी पाठवले नाही. आमच्या गुणांमुळेच हे झाले असे म्हणता येणार नाही; घरात आणखी कारणे होती. आमच्या गुणांचा यात हात नव्हता, असेही म्हणता येत नाही.

तेव्हा कुठे आम्हाला दिसले की २०१९ मध्ये आम्ही ज्यावर एवढा खल केला, त्या स्टेशनावरच्या सार्वजनिक वाय-फायमध्ये मुली कधी नव्हत्याच. आमची नोटीस मुलांसाठी होती. मुलींसाठी नोटिशीची गरजच नव्हती. भिंतीवर सर्वांसाठी अशी पाटी होती, आणि ते सर्व म्हणजे पंधरा ते पंचविशीतले पुरुष. प्लॅटफॉर्म एकवरच्या बाकड्यावर संध्याकाळी बसू शकणारी आमच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी आम्हाला माहीत नाही. त्या बैठकीलाही, आमच्या शाळेत निम्म्या शिक्षिका असताना, एकही बाई नव्हती. म्हणजे या लेखात आम्ही म्हणताना आम्ही कोण, हेही वाचकांनी तपासून घ्यावे.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा फोन होता, आणि आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका तर एक-तृतीयांशच होत्या. पुरुष निम्म्याहून अधिक. ही केवळ आपल्या समाजाची गोष्ट नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण असे आकडे आले की लगेच आपल्याकडे बोट दाखवले जाते. पण इतरांच्याही घरी असे आहे म्हणून आपल्या घरचे बरे ठरत नाही.

हातात मावणाऱ्या संगणकाची गोष्ट सांगताना एका भारतीय यंत्राची आठवण होते, ज्याला आता कुणी विचारत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर नावाचा तळहातावरचा संगणक केला होता. २००१ मध्ये त्याचा बोलबाला झाला, २००४ मध्ये तो बाजारात आला. किंमत दहा हजारांच्या आसपास, म्हणजे गरिबाला तेव्हा परवडणारी नव्हतीच. हे करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी असे योजले होते की यंत्र गावात किंवा शाळेत एक असेल आणि प्रत्येकाकडे आपले एक स्मार्ट कार्ड असेल. आपले कार्ड आत घातले की यंत्र तेवढ्यापुरते आपले. कार्ड काढून घेतले की आपली माहिती आपल्याबरोबर. यंत्र फार खपले नाही, पुढे मोबाइलनेच ते गिळले. २०११ मध्ये आलेल्या स्वस्त आकाश टॅब्लेटचेही असेच झाले. तो वाय-फायवर चालणारा होता आणि वाय-फाय त्या वेळी आमच्यासारख्या शाळांत कुठे होते? यंत्रे आली आणि गेली. पण सिम्प्युटरवाल्यांना एक कळले होते. वस्तू सगळ्यांची असली तरी चालते, माणसाचा कोपरा त्याचा स्वतःचा हवा. आमच्या मुलीच्या घरी याच्या उलट होते. फोन एका भावाच्या मालकीचा, आणि तिचे सगळे लिखाण मात्र सार्वजनिक.

२०२३ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेत इंटरनेटची तार आली आणि पाच टॅब्लेट आले. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिले. आम्ही अर्ज केला की शाळा सुटल्यावर दीड तास वाचनालयाची खोली मुलींसाठी उघडी ठेवावी, वाय-फाय चालू ठेवावे. बैठक झाली. या वेळी आपाही होत्या; आम्ही त्यांच्याशिवाय बसणार नाही असे आधीच कळवले होते. सेक्रेटरीसाहेबांनी विचारले, "ज़िम्मेदारी किसकी?" प्रश्न चुकीचा नव्हता. मुले काही वाईट बघतील ही भीती होती, आणि मुली काही वाईट बघतील ही त्याहून मोठी. त्यांची मागणी अशी की कोणत्या मुलीने काय पाहिले याची यादी दर शनिवारी ऑफिसात यावी. राउटरवरून कुठल्या साइट उघडल्या ते काढता येते, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

यावर दोन बैठका गेल्या. आमचे म्हणणे असे की गाळणी लावा. जे लहानांनी पाहू नये ते आतच येऊ देऊ नका, त्याला आमची हरकत नाही. पण नावानिशी यादी नको. यादी झाली की ती कपाटात राहत नाही. आमचा एक मेसेज साठ घरांत गेला होता. एक बुजुर्ग ट्रस्टी, जे एरवी बोलत नाहीत, त्यांनी विचारले की, सबीलवर प्यालेल्यांची नावे आपण कधी लिहून ठेवली का? आम्ही हे उदाहरण दिले नव्हते. त्यांना ते स्वतः सुचले. मात्र दुसऱ्या एका ट्रस्टींनी तिथल्या तिथे उत्तर दिले की सरबताने कुणी बिघडत नाही. दोघांचेही बरोबर आहे, आणि आम्हाला या दोन उत्तरांच्या मधली जागा अजून नीट सापडलेली नाही. तूर्त गाळणी आहे, यादी नाही, आणि जबाबदारीच्या कागदावर आपांची आणि आमची सही आहे.

दर मुलीचे वेगळे खाते आहे. टॅब्लेट पाचच, त्यामुळे पाळी लागते. काही जणी गाण्यांच्या ओळी शोधतात, मेहंदीच्या नक्षी उतरवून घेतात; एक नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती वहीत लिहिते आहे. आपा खिडकीजवळ पेपर तपासत बसतात आणि पडद्यांकडे पाहत नाहीत, निदान पाहत नसल्यासारखे करतात. आम्ही त्या वेळात खोलीत जात नाही. सूचनाफलकावर वेळापत्रक लावले आहे, ते अर्थात आमच्याच अक्षरात.

मागच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "सर, पासवर्ड अम्मी को बताऊँ क्या? वो भी आना चाहती है, शाम को." आम्ही तिला सांगितले की विचारून सांगतो. ट्रस्टींना अजून विचारलेले नाही.